औषध कुणाला, कुठे आणि कशासोबत

गोव्यात चोवीस दवाखान्यांत एक प्रयोग झाला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने. डोके दुखते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसांत नैराश्याने किंवा चिंतेने पोखरलेले अनेकजण असतात आणि त्यांची पावले मानसोपचारतज्ज्ञाच्या दाराकडे सहसा वळत नाहीत. म्हणून डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी निम्म्या दवाखान्यांतच समुपदेशक बसवले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. या कामासाठी शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. उरलेल्या दवाखान्यांत रुग्णांच्या चाचणीचा निकाल डॉक्टरांना कळवला आणि नेहमीचे उपचार चालू ठेवले. एकूण २,७९६ रुग्ण सहभागी झाले. प्रयोगाचे नाव होते ‘मानस’ आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

सहा महिन्यांनंतर, ज्यांचा आजार तपासणीत पक्का झाला होता त्यांच्यापैकी समुपदेशकांच्या दवाखान्यांतले ६५ टक्के बरे झाले होते, तर इतर दवाखान्यांतले ५२.९ टक्के. म्हणजे बारा टक्क्यांचा फायदा. इथे थांबले असते तर बातमी झाली असती: साध्या माणसांनी केलेले समुपदेशन उपयोगी ठरते.

संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी सरकारी आणि खासगी दवाखाने वेगळे करून पाहिले. सरकारी केंद्रांत समुपदेशकासह ६५.९ टक्के बरे झाले, समुपदेशकाविना ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत समुपदेशकासह ६४.१ आणि समुपदेशकाविना ६५.९! एकाच प्रयोगात, एकाच प्रशिक्षणाने, एका ठिकाणी तेवीस टक्क्यांचा लाभ आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही. मग तो बारा टक्क्यांचा फायदा नेमका कुणाला झाला? सरकारी केंद्रातल्या रुग्णासाठी तो आकडा फार लहान आहे आणि खासगी दवाखान्यातल्या रुग्णासाठी फार मोठा. सरासरी खरी होती, पण या दोघांपैकी कुणाचीच नव्हती.

या प्रस्तावनेचा विषय हाच आहे. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर अवलंबून असतो का, हे आकड्यांतून प्रामाणिकपणे विचारण्याची जी रीत आहे, तिला द्विमार्गी प्रचरण विश्लेषण म्हणतात. विद्यापीठांच्या वर्गांत आणि प्रबंधांच्या पानांवर ती ‘टू-वे अ‍ॅनोव्हा’ या नावाने वावरते. ‘मानस’च्या संशोधकांनी वापरलेली गणिते वेगळी होती. तिथले उत्तर ‘बरा झाला किंवा नाही’ असे होते आणि एका दवाखान्यातले रुग्ण एकत्र मोजावे लागत होते, त्यामुळे अ‍ॅनोव्हाचा साधा तक्ता तिथे पुरला नसता. पण मूळ प्रश्न तोच, दोन वाटांनी एकाच वेळी विचारलेला.

या रीतीचा जन्म दवाखान्यात झाला नाही. तो बटाट्याच्या शेतात झाला. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती रुजू झाला. ‘व्हेरियन्स’, म्हणजे प्रचरण, हा शब्द त्याने आदल्याच वर्षी आनुवंशिकतेवरच्या एका लेखात वापरला होता. रॉथमस्टेडला त्याच्यासमोर आला तो खतांचा प्रश्न. विनिफ्रेड मॅकेंझी या सहकारी स्त्रीबरोबर त्याने १९२३ साली बटाट्याच्या बारा वाणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बटाट्याच्या सगळ्या वाणांना एकच खत सारखेच मानवते की वाणागणिक त्याचा गुण बदलतो, असा त्यांचा प्रश्न होता. वाणागणिक फरक पडतो असे म्हणायला त्यांना पुरावा सापडला नाही. द्विमार्गी प्रचरण विश्लेषणाचा छापील इतिहास असा इंटरॅक्शनच्या, म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असतो का या, प्रश्नाने आणि एका सरळ नकाराने सुरू होतो. पुढे १९२५ मध्ये फिशरचे संशोधकांसाठीचे सांख्यिकीचे पुस्तक आले, १९३५ मध्ये प्रयोगांच्या आखणीवरचे आले आणि फ्रँक येट्सने बहुघटकी प्रयोगांचे शास्त्र बांधून काढले. तक्त्यातले ‘एफ’ हे अक्षर अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज स्नेडेकर यांनी फिशरच्या सन्मानार्थ दिले.

महाराष्ट्राला हा वारसा परका नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेले सांख्यिकीचे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली काढले. कृषी महाविद्यालयांतली मुले आजही त्याला ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच ओळखतात. ज्वारीचे वाण आणि नत्राची मात्रा यांचा तक्ता मांडणाऱ्या मुलाला जे सहज कळते, ते मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनेकदा अवघड वाटते. गणित दोघांचे एकच आहे. शेताच्या वाफ्याऐवजी इथे माणूस असतो, एवढाच फरक. मात्र तो फरक फार मोठा आहे.

गणिताचा गाभा चार खोल्यांच्या घरासारखा डोळ्यांपुढे आणता येतो. अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४३९ मुलामुलींवर ‘टॅड्स’ नावाचा अभ्यास झाला. २००४ साली त्याचे पहिले निष्कर्ष आले. मुलांचे चार गट, म्हणजे चार खोल्या, केले होते. एका गटाला नकली गोळी, दुसऱ्याला फ्लुऑक्सेटिन हे औषध, तिसऱ्याला फक्त बोधात्मक वर्तनोपचार, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात, आणि चौथ्याला औषध व सीबीटी दोन्ही. बारा आठवड्यांनंतर ठळक सुधारणा दिसलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३४.८, ६०.६, ४३.२ आणि ७१ टक्के होते.

आता हे आकडे कागदावर दोन ओळी, दोन स्तंभ असे मांडावेत. सीबीटी नसताना औषधाने किती वाढवले? ६०.६ वजा ३४.८, म्हणजे २५.८. सीबीटी असताना? ७१ वजा ४३.२, म्हणजे २७.८. दोन्ही फरक जवळजवळ सारखेच. औषधाचा गुण सीबीटी असो वा नसो, तेवढाच. सीबीटीकडून पाहिले तरी तेच: औषधाविना ८.४, औषधासह १०.४. आलेख काढला तर दोन रेषा जवळपास समांतर जातात. याला म्हणायचे इंटरॅक्शन नाही, किंवा असलेच तर नगण्य. दोन उपचारांचा परिणाम एकमेकांत मिळवला की झाले.

पण त्याच अभ्यासात नैराश्याचे गुणही मोजले होते, आणि तिथे चित्र बदलते. या मोजपट्टीवर जास्त गुण म्हणजे जास्त नैराश्य. नकली गोळीच्या गटाची सरासरी ४१.७७, नुसत्या सीबीटीची ४२.०६, औषधाची ३६.३०, दोन्हींची ३३.७९. टक्केवारीत सीबीटीने एकटीने आठ टक्क्यांची भर घातली होती. गुणांत तिने एकटीने काहीच हलवले नाही, औषधासोबत मात्र अडीच गुणांनी खाली आणले. मुले तीच, आठवडे तेच. मोजमाप बदलले आणि रेषांचा कोन बदलला. इंटरॅक्शन नेहमी मोजपट्टीसकट वाचावे लागते, हे इथे दिसते. शिवाय ज्या मुलांना दोन्ही उपचार मिळत होते त्यांना आपली गोळी खरी आहे हे ठाऊक होते. आशेनेही माणसाला उभारी येते, म्हणून हा तपशील विसरून चालत नाही.

तक्त्यामागची कल्पना एवढीच की सगळ्या गुणांतला एकूण चढउतार चार वाट्यांत विभागायचा. पहिला वाटा औषधामुळे, दुसरा समुपदेशनामुळे, तिसरा दोघांच्या विशिष्ट जोडीमुळे आणि चौथा उरलेला. हा उरलेला वाटा म्हणजे एकाच खोलीतल्या माणसांमधला फरक. समजा, एकाच गटातल्या दोन स्त्रियांना सारखेच औषध मिळाले. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या, शून्य ते सत्तावीस गुणांच्या प्रश्नावलीत एकीला सहा गुण आले, दुसरीला चौदा. एकीच्या घरी सासू आजारी असेल, दुसरीची नोकरी गेली असेल. हा फरक औषधाने आणलेला नाही. खोल्याखोल्यांमधला फरक या घरगुती फरकाच्या मानाने किती मोठा आहे, हे ‘एफ’ सांगतो. तो भरपूर मोठा असला तरच बोलण्यात अर्थ.

समांतर रेषांच्या उलट टोकाचे उदाहरण १९७० च्या दशकातले आहे. जेरार्ड हॉगर्टी आणि सॉलोमन गोल्डबर्ग यांनी अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या ३७४ रुग्णांचा, इस्पितळातून घरी गेल्यावरचा प्रवास दोन वर्षे पाहिला. अर्ध्यांना क्लोरप्रोमॅझिन, अर्ध्यांना नकली गोळी; आणि दोन्ही गटांतल्या निम्म्यांना सामाजिक कार्यकर्त्यांची मदत, घरात व कामावर पुन्हा आपली जागा घेण्यासाठीची. औषधाचा हिशेब स्वच्छ होता. दोन वर्षांत नकली गोळीवरच्या ८० टक्क्यांचा आजार उलटला, औषधावरच्या ४८ टक्क्यांचा. सामाजिक मदतीचा हिशेब मात्र गुंतागुंतीचा निघाला. ज्यांचा आजार उलटला नव्हता त्यांच्यात, औषध घेणाऱ्यांना ही मदत मिळाली तर दीड-दोन वर्षांनी ते अधिक सावरलेले दिसले. पण औषधाविना असलेल्यांत ज्यांना ही मदत मिळाली नव्हती तेच अधिक बरे होते. चांगल्या हेतूने दिलेला आधार औषधाचे कवच नसलेल्या मनाला जड गेला असावा. दोन्ही गटांची सरासरी काढली असती तर उलट्या दिशांचे दोन परिणाम एकमेकांना खाऊन टाकले असते आणि ‘सामाजिक मदतीचा फारसा उपयोग नाही’ असा शेरा बसला असता. तो शेरा औषध घेणाऱ्यांवर अन्याय ठरला असता. औषध न घेणाऱ्यांना बसू शकणारी झळही त्याने झाकली असती. एक सावधगिरी हवी: आजार न उलटलेल्यांचीच तुलना केली की सुरुवातीच्या सोडतीने साधलेला समतोल थोडा ढळतो. तरीही हे उदाहरण पन्नास वर्षांनंतर मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

चौथी खोली बांधलीच नाही तर काय होते, तेही पाहावे. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जुनाट नैराश्याच्या ६८१ रुग्णांवरचा अभ्यास आला. नेफॅझोडोन या औषधाने ४८ टक्क्यांना गुण आला, मानसोपचाराने ४८ टक्क्यांना, दोन्हींनी ७३ टक्क्यांना. वाचणारा साहजिकच म्हणतो, दोघे एकत्र आले आणि किमया झाली. पण कोणताही उपचार न मिळालेला, किंवा नकली गोळीवरचा गट त्या अभ्यासात नव्हता. त्या खोलीत २३ टक्के बरे झाले असते तर सगळा हिशेब निव्वळ बेरजेचा. ४० टक्के झाले असते तर दोन्ही उपचार एकमेकांना बळ देतात असे म्हणता आले असते. १० टक्केच झाले असते तर उलट, दोघांचे काम काही प्रमाणात एकच आहे असे निघाले असते. दोन्ही उपचार एकत्र द्यावेत हा सल्ला त्या अभ्यासावरून देता येतो. ते एकमेकांना बळ देतात हे त्यावरून सांगता येत नाही.

आता आपल्याकडच्या एखाद्या प्रबंधाच्या टेबलाशी यावे. रात्रीची वेळ, मार्गदर्शकांनी उद्या प्रकरण मागितलेले, आणि संगणकावर एसपीएसएसचा तक्ता उघडलेला. सम ऑफ स्क्वेअर्स, डीएफ, मीन स्क्वेअर, एफ, सिग. पहिल्या ओळीत लिंग, दुसरीत निवासस्थान, तिसरीत त्या दोघांची नावे मध्ये एक फुली घालून जोडलेली. विद्यार्थी पहिल्या ओळीचा ‘सिग.’ पाहतो, ०.०५ पेक्षा कमी असला की सुटकेचा श्वास सोडतो, मग दुसऱ्या ओळीकडे जातो. तिसऱ्या ओळीवर प्रबंधात एक वाक्य येते आणि विषय संपतो. खरे म्हणजे वाचन तिसऱ्या ओळीपासून सुरू व्हायला हवे. ती फुलीची ओळ बोलकी असेल तर वरच्या दोन ओळींचा अर्थ एकट्याने लावता येत नाही. ‘मुलींमध्ये चिंता जास्त’ हे वाक्य वसतिगृहातल्या मुलींबद्दल खरे आणि घरून येणाऱ्या मुलींबद्दल खोटे असू शकते.

अशी चूक नवशिके करतात आणि मुरलेलेही करतात. एका गटात फरक ठळक निघाला, दुसऱ्यात निघाला नाही, म्हणून दोन गट एकमेकांपासून वेगळे आहेत, असे मानून लोक मोकळे होतात. ‘इथे आहे’ आणि ‘तिथे नाही’ यांच्यातला फरक स्वतंत्रपणे तपासावा लागतो, आणि ते काम इंटरॅक्शनच्या कसोटीचे. सँडर न्यूवेनहुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मेंदूविज्ञानाच्या पाच नामांकित नियतकालिकांतले ५१३ लेख तपासले. अशी तुलना करण्याचा प्रसंग १५७ लेखांत आला होता. त्यांपैकी ७८ लेखांनी ती बरोबर केली, ७९ लेखांनी चुकीची.

समुपदेशनाच्या आधी आणि नंतर मोजलेले गुण हा आपल्याकडच्या प्रबंधांचा आवडता आराखडा. तिथे ‘गट’ आणि ‘वेळ’ यांचे इंटरॅक्शन हेच खरे उत्तर असते: प्रयोगगट नियंत्रित गटापेक्षा जास्त बदलला का? मात्र आधीचे आणि नंतरचे गुण एकाच माणसाचे असतात. ते दोन वेगळ्या माणसांचे धरून साधा टू-वे अ‍ॅनोव्हा लावला तर गणित मुळातच चुकते. तिथे पुनरावृत्त मापनाची रीत वापरावी लागते.

निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असावीत, ही या रीतीची सर्वांत कडक अट. गुणांची घंटाकृती थोडी वाकडी असली तर फार बिघडत नाही, गटांतला पसारा थोडा कमीजास्त असला तरी, गट सारख्या आकाराचे असतील तर, निभावून नेता येते. पण एकाच दवाखान्यातले, एकाच समुपदेशकाकडे जाणारे रुग्ण एकमेकांसारखे होत जातात, आणि ते विसरले की वीस माणसांचा पुरावा दोनशेंचा असल्यासारखा वाटू लागतो. खुद्द फिशरकडून बटाट्याच्या त्या पहिल्या विश्लेषणात याच जातीची चूक झाली होती. पोटॅशचे पट्टे मोठ्या वाफ्यांच्या आत आखलेले होते, आणि त्याने आतल्या व बाहेरच्या दोन्ही फरकांसाठी एकच त्रुटी धरली. १९२५ च्या पुस्तकात त्याने त्या शेताचा हिशेब पुन्हा, दोन वेगळ्या त्रुटी धरून मांडला. ही रीत ज्याने घडवली त्याला जे दोन वर्षांनी सुधारावे लागले, ते विद्यार्थ्याला पहिल्या फटक्यात जमले नाही तर त्यात लाज नाही; सुधारले नाही तर मात्र आहे.

मानसिक आरोग्याच्या संशोधनात आणखी एक अडचण घट्ट चिकटलेली असते. माणसे मध्येच येणे बंद करतात. चार खोल्यांत प्रत्येकी तीस माणसे बसवावीत, तर शेवटी तीस, एकवीस, अठ्ठावीस, तेरा उरतात. खोल्या विषम झाल्या की चढउताराचे वाटे स्वच्छ पडत नाहीत, एकमेकांवर चढतात, आणि वर्गांच्या बेरजेचा कोणता प्रकार निवडला यावर उत्तर हलते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, सोडून गेलेला माणूस बहुधा योगायोगाने गेलेला नसतो. त्याला बरे वाटत नव्हते म्हणून तो गेला असेल. तक्त्यात त्याची आठवणही राहत नाही.

आणि माणसे किती हवीत? दोन बाय दोनच्या आराखड्यात मुख्य परिणामाइतकेच मोठे इंटरॅक्शन तेवढ्याच खात्रीने पकडायचे तर चौपट माणसे लागतात. ते निम्म्या आकाराचे असेल तर सोळापट. साठ विद्यार्थ्यांच्या नमुन्यावर लिंग, निवास, शाखा, जन्मक्रम यांच्या जोड्या लावत बसले की काहीतरी ठळक निघतेच, आणि ते बहुधा वाळूवर उमटलेले असते.

अशा घाईची किंमत जगाने मोजली आहे. २००३ साली ‘सायन्स’मध्ये अ‍ॅव्हशेलोम कॅस्पी आणि सहकाऱ्यांचा लेख आला. न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा चालू होता. त्यातल्या ८४७ जणांच्या माहितीवरून असे दिसले की सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचे आखूड रूप असलेल्यांना आयुष्यातले आघात जास्त बाधतात, त्यांना नैराश्य अधिक येते. जनुक आणि आघात यांचे हे इंटरॅक्शन लोकांना फार भावले. त्यावर संशोधनाची अख्खी शाखा उभी राहिली. २००९ साली नील रिश आणि सहकाऱ्यांनी चौदा अभ्यासांतल्या १४,२५० माणसांची माहिती एकत्र तपासली. आघात आणि नैराश्य यांचा संबंध पक्का होता. जनुकाचा संबंध दिसला नाही, आणि ते प्रसिद्ध इंटरॅक्शनही दिसले नाही. त्यानंतरच्या आणखी मोठ्या काही तपासण्यांतही ते दिसले नाही.

म्हणून कोणती जोडी तपासायची हे आकडे हाती येण्याआधी लिहून ठेवावे लागते, आणि का तपासायची याचे कारणही. ‘मानस’च्या संशोधकांनी सरकारी आणि खासगी दवाखाने सुरुवातीपासून बारा-बारा असे घेतले होते. त्यांच्या तेवीस टक्क्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो, तो या आखणीमुळे.

हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी मानसिक विकाराने ग्रस्त आढळले, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. जिथे समुपदेशक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, तिथे ते गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रात बसवायचे की पुण्याच्या पेठेतल्या दवाखान्यात, हा प्रश्न कुणाच्या तरी आयुष्याशी जोडलेला असतो. नुसती सरासरी त्याचे उत्तर देत नाही. त्या बारा राज्यांत महाराष्ट्रही नव्हता आणि गोवाही नव्हता, त्यामुळे इथले प्रश्न इथल्याच विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना विचारावे लागणार आहेत.

त्यांच्याकडे मागणे एवढेच आहे. माहिती गोळा करण्याआधी आपली एक जोडी ठरवा आणि चारही खोल्या पुरेशा माणसांनी भरा. तक्ता आला की आधी फुलीच्या ओळीकडे पाहा आणि चार सरासऱ्यांचा आलेख हाताने काढा. जो माणूस मध्येच निघून गेला त्याचीही प्रबंधात नोंद ठेवा.